ग्लॉसी स्क्रीन, मॅट स्क्रीन आणि समोरच्या गॅलरीतली चादर

गेल्या वर्षी ऐन दिवाळी अंकांच्या गडबडीत मी स्क्रीनवरचा एक अनुस्वार नखाने खरवडला. म्हणजे तो अनुस्वार नव्हताच, फोडणीचा की कशाचा तरी बारीक शिंतोडा होता, 'गाव' मधल्या 'गा'च्या बरोब्बर डोक्यावर बसलेला. मला वाटलं लेखक जुन्या वळणाचे आहेत, 'गांव' लिहितात, १९६२ च्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले तरी काही हात अजून ऐकत नाहीत, म्हणून मी इमानेइतबारे कॉमेंट टाकली, 'अनुस्वार काढावा'. पान वर सरकवलं तर अनुस्वार आपला जागच्या जागी, आता 'पाणी'च्या डोक्यावर. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. नख मारलं, तो गेला, पण काचेवर तेलकट फराटा उमटला आणि त्या फराट्यामागून माझंच चिडलेलं तोंड माझ्याकडे बघत होतं.

तर त्या तोंडाबद्दल लिहायचंय. म्हणजे ग्लॉसी, आरशासारख्या चकचकीत स्क्रीनबद्दल.

मी मुद्रितशोधन करते, घरून, आणि घर म्हणजे गिरगावातल्या चाळीतल्या दोन खोल्या, दुसरा मजला. टेबलाला जागा एकच, बाहेरच्या खोलीत दाराकडे पाठ करून, कारण एका भिंतीला कपाट, दुसऱ्या भिंतीला दिवाण, तिसरीवर देव्हारा आणि देव्हाऱ्याखाली लॅपटॉप ठेवायला सासूबाईंचा ठाम नकार (बरोबरच आहे त्यांचं, उदबत्तीची राख पडते). चाळीत दार दिवसभर उघडं, दाराबाहेर गॅलरी, गॅलरीपलीकडे गल्ली, गल्लीपलीकडे समोरची बिल्डिंग आणि तिच्या गॅलरीत कायम काहीतरी वाळत घातलेलं. हा सगळा देखावा माझ्या पाठीमागे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मी स्वतः लॅपटॉप घेताना हे लक्षात ठेवलं नव्हतं.

लॅपटॉप घेतला लॅमिंग्टन रोडवर. आता पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे पण टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात, आमच्याकडून चालत जायचं अंतर. दुकानदाराने दोन मॉडेल शेजारी शेजारी लावली, दोघांवर तोच व्हिडिओ, कुठल्यातरी पोपटाचा, हिरवा-लाल-निळा, पिसंन्पिसं मोजून घ्या. "मॅडम, कलर देखो कलर, जमीन आसमान का फरक है." होताच फरक. एकावर पोपट जिवंत, दुसऱ्यावर पोपट पावसात भिजलेला. मी जिवंत पोपट, म्हणजे ग्लॉसी, उचलला. घरी आल्यावर मला पोपट कधीच बघायचा नव्हता, मला पांढऱ्या पानावरची काळी अक्षरं बघायची होती, हे त्या दुकानात कोणालाच, मला धरून, आठवलं नाही.

पहिल्याच दिवशी सकाळी दहाला बसले तर स्क्रीनवर गॅलरी. कठडा, तुळशीचा डबा, शेजाऱ्यांची सायकल, सगळं उलटं पण स्वच्छ. पंखा लावला तर पंख्याची पाती स्क्रीनच्या वरच्या कडेला गर गर. देव्हाऱ्यातला लाल झिरोचा बल्ब उजव्या कोपऱ्यात, मला पहिले दोन दिवस वाटत होतं बॅटरी संपल्याची खूण आहे. एक फायदा मात्र झाला, गॅलरीतून कोण चाललंय ते मान न वळवता कळायला लागलं. शेजारच्या काकू दारात यायच्या आणि त्यांनी हाक मारायच्या आत मी पाठमोरीच म्हणायचे, "या काकू." त्या आधी दचकायच्या, मग त्यांनी सगळ्या मजल्यावर सांगितलं की हिला पाठीलाही डोळे आहेत. कुरिअरवाला, दूधवाला, भाजीवाली, सगळ्यांची नोंद स्क्रीनवर व्हायची. फक्त पान ७४ वरचा रफार दिसायचा नाही.

नवऱ्याने सुचवलं, डार्क मोड लाव, डोळ्यांना बरं. लावला. पूर्ण आरसा झाला. हे नंतर कळलं की असंच होणार, कारण काचेवरून परत येणारा उजेड ठरलेला असतो, तुम्ही स्क्रीनवर काय लावलंय त्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, पांढऱ्या पानाच्या उजेडात तो थोडाफार बुडून जातो आणि काळ्या पानावर उघडा पडतो. ग्लॉसी स्क्रीन, उघडं दार आणि डार्क मोड हे त्रिकूट कुणाच्या वाट्याला येऊ नये.

आता जरा हिशोब. मी गणितातली नाही पण हा हिशोब एकदा मांडला आणि माझा राग एकदम शास्त्रशुद्ध झाला. साधी गुळगुळीत काच तिच्यावर समोरून पडलेल्या उजेडातला साधारण ४ टक्के परत फेकते. ४ टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण भर दुपारचं ऊन म्हणजे १ लाख लक्सच्या आसपास (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप), सकाळच्या तिरक्या उन्हाचे निम्मे धरा, ५० हजार, ते समोरच्या गॅलरीतल्या पांढऱ्या चादरीवर पडलंय, पांढरं कापड त्यातला बराचसा उजेड सगळीकडे उधळतं, तर ती चादर आरामात १० हजार नीट्सच्या वर चमकते. नीट्स म्हणजे एखादी गोष्ट बघणाऱ्याला किती उजळ दिसते त्याचं माप, लॅपटॉपच्या कागदावर असतं बघा, माझा २५० नीट्सचा. त्या चादरीचे ४ टक्के म्हणजे ४०० नीट्स. म्हणजे माझ्या स्क्रीनवर जिथे चादरीचं प्रतिबिंब पडतं तिथे काळं अक्षर ४०० चं आणि पांढरा कागद ६५० चा. लॅपटॉपच्या कागदावर लिहिलेला हजारास एक कॉन्ट्रास्ट (पांढरं काळ्याच्या किती पट उजळ ते) तिथे दीडपट-पावणेदोनपटीवर आला. आणि मी त्यात काना-मात्रा शोधतेय! ब्राइटनेस पूर्ण वाढवून काही होत नाही ते म्हणूनच, तो आधीच पूर्ण असतो, चादर जिंकते. परत वाऱ्याने ती हलते.

मग मी जे सगळे करतात ते केलं, मॅट फिल्म आणली, म्हणजे काचेवर चिकटवायची, चमक नसलेली खरखरीत फिल्म. साडेचारशे रुपये, दुकानवाला लावून देत होता पण मी म्हटलं एवढं काय त्यात, मोबाईलला लावतोच की. लॅपटॉपचा पडदा मोबाईलएवढा नसतो हे फिल्म अर्धी चिकटल्यावर लक्षात आलं, आणि गिरगावच्या हवेत, जिथे चारी बाजूंना जुन्या चाळी पाडून टॉवर उठतायत, तिथे धुळीचा एकही कण न अडकवता फिल्म लावणं हे काम माणसाचं नाही. सात बुडबुडे राहिले. प्रत्येक बुडबुड्यात एक कण, प्रत्येक कण कुठल्यातरी ओळीवर अनुस्वार. शिवाय पांढरं पान चमचम करायला लागलं, बारीक साखर पसरल्यासारखं. त्याचं कारण असं की फिल्मचा खरखरीतपणा आणि खालचे पिक्सेल यांची मापं जुळत नाहीत, एकेका पिक्सेलचा उजेड वेडावाकडा मोडतो आणि डोक्याची जराशी हालचाल झाली तरी ती चमचम सरकते. चार दिवसांत काढून टाकली. तिचा गोंद साफ करायला अजून दोन दिवस.

मॅट म्हणजे नक्की काय हे मला या फिल्मनंतरच नीट कळलं. मॅट स्क्रीन उजेड गिळत नाही. जवळपास तेवढाच उजेड परत येतो, पण पृष्ठभाग बारीक खरखरीत असल्यामुळे तो एका जागी चादरीचा आकार घेऊन येत नाही, विस्कटून सगळीकडे पसरतो. स्टीलचं नवं ताट आणि घासून घासून पांढरट झालेलं जुनं ताट, दोन्ही उन्हात धरा, तेच. जुन्या ताटात तोंड दिसत नाही, नुसती उजळी दिसते. मॅटचा फायदा हाच आणि तोटाही हाच, विस्कटलेला उजेड सगळ्या पडद्यावर पातळ ताकासारखा पसरतो आणि काळा रंग राखाडी होतो.

इथे एक घोळ आहे जो आमच्या चष्म्याच्या दुकानांनी घालून ठेवलाय. चष्मा करताना विचारतात ना, "अँटी-ग्लेअर करू का?" ते अँटी-ग्लेअर आणि लॅपटॉपवरचं अँटी-ग्लेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॅपटॉपवर अँटी-ग्लेअर लिहिलं की समजायचं मॅट, खरखरीत. चष्म्यावरचं खरं म्हणजे अँटी-रिफ्लेक्शन, काच गुळगुळीतच राहते पण तिच्यावर इतका पातळ थर देतात की थराच्या वरून परतणारी आणि खालून परतणारी लाट एकमेकींना मारून टाकतात. थर किती पातळ, तर त्या थरातून जाणाऱ्या हिरव्या उजेडाच्या लाटेचा चौथा हिस्सा, मॅग्नेशियम फ्लोराइडचा असेल तर साधारण १०० नॅनोमीटर. एकाच रंगाला माप बरोबर बसतं, बाकीचे थोडे थोडे निसटतात, म्हणून चष्मा तिरका धरला की जांभळट-हिरवट झाक दिसते. झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुलाने हे १९३५ मधे केलं, दुर्बिणी आणि कॅमेऱ्याच्या भिंगांसाठी, आणि जनरल इलेक्ट्रिकच्या कॅथरिन ब्लॉजेटने १९३८ मधे साबणाच्या जातीच्या पदार्थाचे एकावर एक ४४ थर देऊन जवळजवळ न दिसणारी काच बनवली. मला ही बाई फार आवडते, एकावर एक ४४ थर, काय चिकाटी असेल. तर चांगल्या, म्हणजे महागाच्या, ग्लॉसी स्क्रीनवर हा थर असतो आणि तिथे ४ चं १-२ टक्क्यांपर्यंत उतरतं. माझ्या पोपटवाल्यावर असा काही थर नव्हता.

आणि गंमत म्हणजे हे भांडण जुनं आहे. मी नव्वदच्या दशकात डीटीपीच्या एका ऑफिसात श्रीलिपीवर टाईप करायचे तेव्हा त्या फुगीर काचेच्या मॉनिटरपुढे एक वेगळी काळपट काच लटकवलेली असायची, वरून दोन आकड्यांनी अडकवलेली, तिला एक अर्थिंगची वायर, आणि ऑफिसात कुणीही विचारलं की उत्तर ठरलेलं, "रेडिएशनसाठी आहे." प्रत्यक्षात तिने खरं काम केलं असेल तर पाठीमागच्या ट्यूबलाईटचा रट्टा कमी करण्याचं. युरोपात तर १९९० च्या एका निर्देशातच लिहिलंय की कामाच्या ठिकाणचा स्क्रीन त्रास होईल अशा प्रतिबिंबांपासून मुक्त हवा. तिकडे कायद्यात लिहिलं, आम्ही आकड्याला काच लटकवली.

मग एलसीडी लॅपटॉप आले ते बहुतेक मॅटच होते, तक्रार नव्हती. दोन हजारच्या दशकात काय वारं फिरलं कोण जाणे, जो तो चकचकीत. एसरचं क्रिस्टलब्राइट, एचपीचं ब्राइटव्ह्यू, तोशिबाचं ट्रूब्राइट, सोनीचं एक्सब्राइट, नावं बघा, भांड्याच्या साबणाची वाटतात. दुकानातल्या लखलखाटात चकचकीत माल उठून दिसतो, सगळी कथा तेवढीच आहे असं माझं मत. ॲपलने ऑक्टोबर २००८ मधे नवे ॲल्युमिनियमचे मॅकबुक आणि १५ इंची मॅकबुक प्रो काढले ते ग्लॉसीच, लोक ओरडले, मग २००९ मधे मोठ्या मॅकबुक प्रोवर मॅट परत आलं, ५० डॉलर जादा देऊन. पुढे रेटिना, म्हणजे ॲपलचे जास्त बारीक ठिपक्यांचे स्क्रीन, आल्यावर तेही गेलं. आणि २०२४ मधे परत अवतार, आता नाव नॅनो-टेक्स्चर, मॅकबुक प्रोवर १५० डॉलर जादा. त्याआधी २०१९ च्या त्यांच्या महागड्या मॉनिटरवर याच नॅनो-टेक्स्चरचे १,००० डॉलर जादा होते! ते पुसायला खास फडकं, आणि ते फडकं २०२१ पासून वेगळं विकायला आलं, भारतात १,९०० रुपये. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग त्याला फडकं कशाला म्हणतेस, शेला म्हण."

शेवटी यंदा जूनमधे दुसरा लॅपटॉप घेतला, मॅट. या वेळी दुकानात पोपट बंद करायला लावला. तुम्हीही तेच करा, सांगते कसं. स्क्रीन चालू असताना काहीच कळत नाही, बंद करायला लावा आणि काळ्या पडद्यात दुकानाची ट्यूबलाईट बघा. ट्यूबच्या कडा धारदार दिसल्या तर ग्लॉसी, दुधाळ पट्टा दिसला तर मॅट, कडा धारदार पण ट्यूब अंधुक आणि जांभळट दिसली तर वर तो चष्म्यासारखा थर आहे. मग आपलं पांढरं पान उघडा, मी तर पेनड्राइव्हवर एका अंकाची पीडीएफच घेऊन गेले होते, आणि दुकानाच्या दाराकडे पाठ करून उभ्या राहा. दुकानदार विचित्र बघतो, बघू दे.

आणि तो भिजलेला पोपट आठवतोय ना? त्यात मॅटचा दोष अर्धाच होता. स्वस्त लॅपटॉपला पॅनलच फिक्या रंगाचं लावतात, कागदावर ४५ टक्के एनटीएससी असं काहीतरी लिहिलेलं असतं (पडदा किती रंग दाखवू शकतो त्याचं माप), आणि ते बहुतेक वेळा मॅट असतं, म्हणून लोकांना वाटतं मॅट म्हणजे फिकं. १०० टक्के एसआरजीबी (हेही रंगांचंच माप) लिहिलेलं चांगलं मॅट पॅनल शेजारी ठेवलं तर पोपट बऱ्यापैकी जिवंत असतो. नीट्सही बघा, निदान ३००, जमलं तर ४००.

मॅटचं कौतुक करतेय म्हणून त्याने छळ केलाच नाही असं नाही. आमची गॅलरी पश्चिमेची, साडेचार-पाचला ऊन सरळ आत येतं आणि ते थेट मॅट स्क्रीनवर पडलं की आख्खा पडदा दूधपाणी, एक अक्षर दिसत नाही. ग्लॉसी असताना स्क्रीन जरा तिरकी केली की उन्हाची तिरीप बाजूला जायची, इथे तिरकी करा, आडवी करा, तो उजेड आधीच सगळीकडे सांडलेला. त्यात सूर्य एका जागी मावळत नाही, जूनमधे वायव्येकडे, डिसेंबरात नैऋत्येकडे, त्यामुळे एका ऋतूत बसवलेली टेबलाची तिरकी जागा दुसऱ्या ऋतूत फसते. मी त्या वेळात चहा करते. दारावर जुनी साडीही बांधून बघितली पण मग काकू बाहेरूनच विचारतात, आजारी आहेस का?

दुसरं म्हणजे पुसणं. ग्लॉसीवर बोटाचा डाग दिसतो पण पुसला की गेला. मॅटवर तेल त्या बारीक खड्ड्यांत जाऊन बसतं आणि तेवढाच भाग चकाकतो, जोरजोरात घासलं तर खरखरीतपणाच झिजून कायमचा गुळगुळीत ठिपका होतो. मऊ कापड, जरासं ओलं, हलक्या हाताने, आणि फवारा कधीही थेट स्क्रीनवर मारू नका, पाणी खालच्या पट्टीत उतरतं. आणि स्क्रीनजवळ बसून जेवू नका, हे मी सांगावं म्हणजे कमाल आहे.

जुना ग्लॉसी आता लेकीकडे. तिचा वापर रात्री अकरानंतर, दिवे बंद करून, सिनेमे नाहीतर फोटोंची काटछाट, आणि तिथे मला हार मान्य आहे. अंधारात परत फेकायला उजेडच नसतो, मग ग्लॉसीचा काळा रंग खरा काळा, कडा धारदार, रंग रसरशीत, माझा मॅट त्यापुढे सुकट दिसतो. ओएलईडी, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळणारे, लॅपटॉप बहुतेक ग्लॉसी असतात ते यासाठीच, काळं काळंच राहावं म्हणून, आणि टचस्क्रीनवालेही बहुतेक काचेचेच. ती म्हणते आई तू उगाच नावं ठेवलीस त्याला. मी म्हटलं, उद्या सकाळी दहाला माझ्या जागेवर बस. ती दहाला उठत नाही.

माझं काम मात्र सरळ झालंय. यंदा दोन अंकांचे फॉर्म छपाईला गेले, एकही अनुस्वार नखाने काढावा लागला नाही, समोरची चादर अजून रोज वाळते पण माझ्या पानावर तिचं नुसतं किंचित पांढुरकं सावट येतं, ओळ दिसते. फक्त परवा काय झालं, मी पान १२२ वर अडकलेले, एका लेखकाने 'कि' आणि 'की'चा असा गोंधळ घातला होता की विचारू नका, आणि अचानक खांद्यावर हात. केवढ्याने ओरडले मी. काकू होत्या, हातात झाकलेली वाटी घेऊन.

"अगं, पाच मिनिटं उभी आहे दारात," त्या म्हणाल्या. "पाठीचे डोळे गेले वाटतं तुझे."

वाटीत अळूवड्या होत्या. आधी लॅपटॉप बंद केला, मग झाकण काढलं.